दरिद्रगृहापासून पेन्शनपर्यंत

वृद्धांस साहाय्य करावें, हें बहुतेक समाजांना मान्य असतें. परंतु तें करतांना त्यांचा मान कसा राखावा, हें उमगावयास मात्र फार काळ लागतो. इंग्लंडचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे.

१८३४ च्या गरीब-कायद्यानें निराधारांची सोय दरिद्रगृहांत करण्याचें धोरण ठरविलें. तेथील जिणें बाहेरच्या अगदीं गरीब मजुराच्या जिण्याहूनहि खडतर असावें, म्हणजे धडधाकट मनुष्य तिकडे फिरकणार नाहीं, हें त्यामागील तत्त्व. आळशासाठीं योजिलेली ही कसोटी थकल्या म्हाताऱ्यांच्याहि वाट्यास आली. नवरा पुरुषांच्या भागांत, तर बायको स्त्रियांच्या! साठी उलटलेल्या जोडप्यांची ताटातूट करूं नये, असा कायदा १८४७ सालीं झाला; पण त्याचा लाभ फार थोड्यांस मिळाला.

१८६९ सालीं लंडनमध्यें चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते घरोघर जाऊन प्रत्येक गरजूची स्वतंत्र चौकशी करीत व तिचें टांचण ठेवीत. आधुनिक समाजकार्याचें एक मूळ या पद्धतींत आहे. मात्र याच संस्थेनें सरकारी पेन्शनला कसून विरोध केला. फुकटच्या पैशानें काटकसर बुडेल, मुलें आईबापांस विचारणार नाहींत, असें तिला वाटे. उलट, लंडनच्या दारिद्र्याची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथ यांनीं म्हातारपण हेंच दारिद्र्याचें एक मोठें कारण असल्याचें दाखवून दिलें.

अखेर १९०८ सालीं कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गांठलेल्या गरिबांस आठवड्याला जास्तींत जास्त ५ शिलिंग पोस्टांतून मिळूं लागले. रक्कम तुटपुंजी, उत्पन्नाची व वर्तणुकीची अटहि होतीच. तरी आपल्याच घरीं राहून, कोणापुढें हात न पसरतां ती मिळे, हें मोठेंच स्थित्यंतर होतें.

१९४८ सालीं गरीब-कायदा संपुष्टांत आला; पण त्याच्या भिंती उभ्याच होत्या. पीटर टाउनसेंड यांनीं १७३ वृद्धाश्रम व तत्सम संस्था पाहून १९६२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक वृद्ध अजून जुन्या दरिद्रगृहांच्याच इमारतींत दिवस कंठीत असल्याचें त्यांस आढळलें. अन्नवस्त्राची ददात नव्हती. उणीव होती ती एकांताची, उद्योगाची आणि आपल्या माणसांची.

कायदा भाकरीची सोय करूं शकतो. ती खाणाऱ्या वृद्धास काय हवें आहे, हें मात्र त्यालाच विचारावें लागतें. आणि समाजसेवकाचें खरें काम तेथूनच सुरू होतें.