शिरूरची इंग्रज वसाहत
पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वसलेली लष्करी वसाहत. पुण्याच्या ईशान्येस सु. ६७ किमी.वर, घोड नदीकाठी असलेले हे गाव घोडनदी या नावानेही ओळखले जाते. वसईच्या तहानुसार (१८०२) पेशव्यांच्या मुलखात आलेल्या इंग्रजी तैनाती फौजेचे येथे ठाणे होते. कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ रोजी येथूनच निघाली व दुसऱ्या दिवशी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढली.

असईच्या लढाईत (१८०३) भाग घेतलेला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये शिरूरला मरण पावला. ग्रामस्थ त्यास ‘सत्पुरुष’ मानून त्याच्या कबरीपुढे नव्या पिकाचा नैवेद्य ठेवीत, अशी नोंद जिल्हा गॅझेटिअरमध्ये (१८८५) आढळते. त्याच शतकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनने शिरूरला केंद्र उघडले. तेथील चर्च व शाळा यांच्याभोवती मराठी ख्रिस्ती मंडळी वाढली. कबर इंग्रजांची व चर्च अमेरिकन मिशनऱ्यांचे. तथापि एकीला लोकश्रद्धेने, तर दुसऱ्याला मराठी उपासनेने आपलेसे केले. छावणीचे लष्करी महत्त्व संपले, तरी या दोन परकीय खुणा अशा रीतीने गावच्या झाल्या.