फझचे पाठभेद

इलेक्ट्रिक गिटारच्या फाटलेल्या, दाट, गुरगुरत्या आवाजाचा इतिहास एका बिघाडापासून सांगण्याची प्रथा आहे. १९६० साली नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलची एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिनने सहा तारांच्या बेस गिटारवर वाजवलेला तुकडा चिरकत उमटला. तो गाळला गेला नाही. १९६१ मध्ये गीत गाजले आणि ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी हा दोष मुद्दाम, हवा तेव्हा निर्माण करता येईल असे मंडल रेव्हिस हॉब्स यांच्या साह्याने तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल.

फाटलेला आवाज त्याआधीही होता. १९५१ च्या 'रॉकेट ८८' मध्ये इजा झालेला अॅम्प्लिफायर ऐकू येतो. १९५८ च्या 'रंबल'साठी लिंक रे याने स्पीकरच्या कागदी शंकूला भोके पाडली. १९६४ मध्ये डेव्ह डेव्हिसने तो ब्लेडने चिरला. पण फाडलेला स्पीकर पुन्हा सांधता येत नाही. स्नॉडींच्या पेटीने दोषाला बटण दिले, आणि माझ्या मते खरा इतिहास येथून सुरू होतो.

गंमत अशी की, स्वतः उत्पादकालाही आपण काय विकतो आहोत हे उमगले नव्हते. गिटारमधून ट्रंपेट, ट्यूबा, चेलो यांचा आभास निर्माण करणारे यंत्र, अशी त्याची जाहिरात होती. दुकानदारांनी सुरुवातीला माल उचलला आणि तो तसाच पडून राहिला. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'ची धून या पेटीतून वाजवली, तीही पुढे तेथे पितळी वाद्ये यायची आहेत, त्यांची जागा राखण्यापुरती. जाहिरातीत सांगितलेलाच उपयोग! कच्चा खर्डाच छापला गेला, आणि नक्कल म्हणून जन्मलेला आवाज स्वतःच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

तोवर लंडनमध्ये या संहितेच्या प्रती निघू लागल्या होत्या. फझ-टोनचा स्वर लवकर विरतो, ही वादकांची तक्रार होती. १९६५ मध्ये गॅरी हर्स्ट यांनी त्याच मंडलात फेरफार करून, वीजदाब वाढवून 'टोन बेंडर' घडवला. १९६६ मध्ये आर्बिटर कंपनीचा गोल 'फझ फेस' आला. त्याचे मंडल टोन बेंडरच्या एका दोन-ट्रान्झिस्टरी आवृत्तीशी जवळजवळ जुळते. पोथ्यांची वंशावळ लावणाऱ्या अभ्यासकाला हे दृश्य परके वाटू नये.

फझ फेस घरी बनवणाऱ्यांचा आदिग्रंथ ठरला, याचे कारण त्याचा आटोपशीरपणा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पोटेन्शिओमीटर. डाग द्यायला शिकलेला माणूस एका संध्याकाळी तो उतरवून काढू शकतो. गिटारचा क्षीण संकेत इतका वाढवला जातो की मंडलाची धाव संपते, लहरींची गोलाई वरून-खालून छाटली जाते आणि त्या छाटणीतून मूळ सुरात नसलेले स्वरांश उगवतात. तंबोऱ्याच्या जवारीवर वाढलेल्या कानाला या करकरीचे फार नवल वाटायला नको, हे जाता जाता.

प्रत करणारा मात्र क्वचितच तंतोतंत प्रत करतो. सुरुवातीचा २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लहान केला की खर्जातला गढूळपणा ओसरतो. ४७० ओहमचा रेझिस्टर एक हजारापर्यंत नेला की आवाज उंचावतो. ८.२ किलोओहमच्या जागी फिरवता येणारा रेझिस्टर घातला की दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा दाब, नऊ व्होल्टच्या निम्म्याने, म्हणजे साडेचारच्या आसपास आणता येतो. हे सारे पाठभेदच. काही सुधारणा म्हणून शिरलेले, काही हाताशी तेवढाच सुटा भाग होता म्हणून.

येथे 'मूळ पाठा'चा प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ हौशी मंडळींचा नाही. हेंड्रिक्सच्या काळातला आवाज हवा म्हणून पुष्कळजण एनकेटी२७५ हाच जुना ट्रान्झिस्टर वाटेल त्या किमतीला शोधत असतात. ही निष्ठा मला पटत नाही. जर्मेनियमच्या दोन ट्रान्झिस्टरांची वर्धनक्षमता सारखी नसे, त्यांतून प्रवाह कमी-अधिक झिरपे, आणि उष्णता वाढली की झिरप वाढे. म्हणून १९६६ साली एकाच कारखान्यातून निघालेले दोन फझ फेसदेखील एकसारखे वाजत नसत. हेंड्रिक्सची पेडले हाताळणारे रॉजर मेयर सुटे भाग पारखून घेत आणि मंडलही बदलत. ज्याला आपण मूळ म्हणतो ते असे आधीच कुणीतरी निवडलेले, दुरुस्त केलेले होते. पुढे निर्मात्यांनीही स्थिरतेसाठी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर वापरले. आवाज प्रखर झाला, आणि त्या प्रखर पाठाचेही भक्त निपजले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आर. जी. कीन यांनी फझ फेसच्या तंत्रावर लिहिलेला दीर्घ लेख या बाबतीत फार मोलाचा आहे. झिरपणारा प्रवाह वजा करून खरी वर्धनक्षमता कशी मोजावी हे त्यांनी दाखवले; पहिल्या ट्रान्झिस्टरची सत्तर-ऐंशीच्या आणि दुसऱ्याची एकशेवीसच्या आसपास असावी असे सुचवले. भागावर छापलेल्या नावापेक्षा त्याच्या वर्तनाला महत्त्व देणारी ही दृष्टी अस्सल पाठचिकित्सकाची आहे. तिच्यामुळे दुर्मीळ एनकेटी२७५ वाचून अडणे थांबले. एसी१२८ सारखा साधा भागही मोजून, निवडून चालू लागला.

अशा घरगुती पेडलचे झाकण उघडले तर आतल्या बाजूला कधीकधी पेनने लिहिलेले आकडे दिसतात: दोन्ही ट्रान्झिस्टरांची मोजलेली क्षमता, कलेक्टरवरचा दाब, तारीख, क्वचित त्या दिवशीचे खोलीतले तापमान. आपल्या पोथ्यांत याला पुष्पिका म्हणतात.