त्सुरुगा स्टेशन: जपानमध्ये इथे गाडी का बदलावी लागते?

ओसाकाहून कानाझावाला जायचा रूट मॅपवर टाकला की मध्येच त्सुरुगा स्टेशन येतं आणि गाडी बदलायला मोजून काही मिनिटं दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अ‍ॅपच गंडलंय. पण अ‍ॅप बरोबर होतं.

कारण काय?

16 मार्च 2024 ला होकुरिकु शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, कानाझावाहून पुढे त्सुरुगापर्यंत आली. आधी ओसाकाची थंडरबर्ड एक्स्प्रेस थेट कानाझावाला जायची, आता ती त्सुरुगालाच संपते. नागोयाकडून येणाऱ्या शिरासागीचंही तसंच.

खरी अडचण रुळांची आहे. जुन्या लाइनचा गेज 1067 मिमी, शिंकान्सेनचा 1435 मिमी. दोन्हींवर धावेल अशी, चाकांमधलं अंतर बदलणारी गाडी आणायचा प्लॅन होता, पण तांत्रिक अडचणींमुळे तो बारगळला. अडॅप्टर तयार झालाच नाही, मग स्टेशनलाच अडॅप्टर व्हावं लागलं!

तरी ओसाका ते कानाझावा प्रवास सर्वात वेगवान गाड्यांनी 22 मिनिटांनी कमी झालाय.

गाडी कशी बदलायची?

- एक्स्प्रेस सर्वात खालच्या मजल्यावर थांबते. एस्केलेटरने मधल्या मजल्यावर या, गेट पार करा आणि सर्वात वरच्या मजल्यावर शिंकान्सेन पकडा.
- कागदी तिकिटं एकापेक्षा जास्त असतील तर गेटमध्ये सगळी एकत्र टाका.
- लोकलसाठी वापरतो त्या कार्डात नुसता बॅलन्स असून चालत नाही, इथे शिंकान्सेनचं तिकीट वेगळं लागतं.
- त्सुरुगा हे स्टेशन, त्सुरुगी ही शिंकान्सेन. नावांत गोंधळू नका.
- तुमच्यामुळे गाडी चुकली तर त्याच दिवशीच्या पुढच्या त्सुरुगी किंवा हाकुताकाच्या अनारक्षित डब्यात बसता येतं. कागायाकीत मात्र सगळ्या सीट आरक्षित असतात.

जेआर पास असेल तर

शिंकान्सेनला पास चालतो. पण फुकुईकडे जाणारी जुनी लाइन आता हापीलाइन या वेगळ्या कंपनीकडे आहे, तिथे पास चालत नाही. त्यामुळे अ‍ॅपमध्ये रूट निवडताना गाडीखालचं कंपनीचं नाव नक्की बघा.

आपल्याशी काय संबंध?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा गेजही 1435 मिमी आहे, आणि आपल्या ब्रॉडगेजचा 1676. म्हणजे लोकलमधून उतरून बुलेट ट्रेन पकडायची तर आपल्यालाही गाडी बदलावीच लागणार. ते किती सोपं होईल, हे स्टेशन कसं बांधलंय यावरच ठरेल.