वेबसाइटच्या आत डोकावताना : पंचवटीतली पहिली दहा वर्षं

वेबसाइट बनवण्याच्या धंद्याचा इतिहास सांगायला कुणी बसलं की पीएचपी, जावास्क्रिप्ट, मायएसक्यूएल अशी नावांची जंत्री सुरू होते. मी १९९९ पासून नाशिकच्या पंचवटीत हे काम करते आहे आणि मला हा इतिहास वेगळा दिसतो. भाषा पुष्कळ आल्या नि गेल्या. काम खरं बदललं ते ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतायत हे आम्हाला बघता यायला लागलं तेव्हा. मराठीत काम करणाऱ्यांना ही नजर इंग्रजीवाल्यांच्या आधी कमवावी लागली, कारण आमचं बिघडायचं ते थेट अक्षरातच.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्याकडे ते पोचलं टेलिफोनच्या तारेवरून. मोडेम लावला की घरचा फोन बंद, आणि बिलाचा काटा मिनिटामिनिटाला पुढे. अशा तारेवरून मोठं सॉफ्टवेअर उतरवणं परवडणारं नव्हतं. हत्यारं आली ती मासिकांबरोबरच्या सीडींतून. ‘पीसीक्वेस्ट’च्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची, तिच्यात अपाचे सर्व्हर, पीएचपी, मायएसक्यूएल आणि त्या सगळ्यांची माहितीपुस्तकंही असायची. पुढे ‘डिजिट’च्या सीडी आल्या. अमृतधामला के. के. वाघ इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलामुलींत या सीडी हातोहात फिरत. आमच्या पिढीचं ग्रंथालय तेच.

कामाची पद्धत अशी : घरच्या मशीनवर छोटा सर्व्हर चालवायचा, सगळी साइट तिथेच उभी करायची आणि रात्री फोन मोकळा असताना बदललेल्या तेवढ्याच फाइली एफटीपीने वर चढवायच्या. डब्ल्यूएस-एफटीपीमध्ये दोन रकाने असत, डावीकडे आपलं घर, उजवीकडे सर्व्हर, मध्ये बाण. फाइल अर्ध्यात असताना लाइन तुटली की सर्व्हरवर अर्धवट पान पडून राहायचं आणि सकाळी गिऱ्हाइकाचा फोन. म्हणून फाइल आधी वेगळ्या नावाने चढवायची आणि पूर्ण पोचली की नाव बदलून जागेवर बसवायची. कुठल्याही पुस्तकात न वाचलेली ही युक्ती आमच्यातल्या प्रत्येकाला येत होती.

पीएचपी हे रासमुस लेरडॉर्फ या माणसाने १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी केलेलं साधन. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीने ते धंद्याचं झालं आणि मे २००० मधल्या चौथ्या आवृत्तीने ते आमच्यासारख्यांच्या हातात आलं. लिहायचं नोटपॅडमध्ये नाहीतर एडिटप्लसमध्ये. चूक शोधायची तर ओळीओळीला ‘इको’ टाकायचा, म्हणजे त्या क्षणी कुठल्या डब्यात (व्हेरिएबलमध्ये) काय आहे ते पानावर उमटतं. ब्राउझरच्या बाजूला ‘अलर्ट’ची खिडकी उघडायची. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ चूक झाल्याचं सांगे आणि ओळीचा आकडाही देई, पण त्या ओळीवर जाऊन पाहावं तर तिथे काही नसे. ‘व्ह्यू सोर्स’ हा मात्र खरा गुरू. दुसऱ्याने पान कसं रचलंय ते उजव्या क्लिकने उघडून वाचता यावं, ही त्या काळाची मोठी उदारता. आमच्यातले निम्मे लोक त्यावर शिकले.

२००३ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला तसे लॉजवाले, यात्रेच्या गाड्यावाले चौकशीचे फॉर्म मागू लागले. नेमकं तेव्हाच पीएचपीचं एक वळण आडवं आलं. आधी फॉर्मातल्या चौकटीला ‘गाव’ असं नाव दिलं की प्रोग्राममध्ये त्या नावाचा डबा आपोआप भरून मिळायचा. सोयीचं होतं, पण धोक्याचंही, कारण पत्त्याच्या पट्टीत तेच नाव लिहून बाहेरचा माणूसही कुठलाही डबा भरू शकत होता. एप्रिल २००२ मधल्या ४.२.० आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवली गेली. होस्टिंगवाले आवृत्ती बदलत गेले तसतसे जुने फॉर्म कोरे येऊ लागले. एकेक फाइल उघडून, फॉर्ममधून आलेली गोष्ट फॉर्ममधूनच मागून घ्यायची, अशी दुरुस्ती त्या वर्षात सगळ्यांनी केली. बाहेरून आलेल्या अक्षरावर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला धडा आम्हाला तिथे मिळाला.

आता मराठीकडे येते, कारण माझं मन तिथेच जास्त रमलं.

पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. यात्रेकरू आला की त्याचं मूळ गाव आणि आडनाव विचारतात, कपाटातून नेमकी वही काढतात, आणि त्याच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ त्याच्यासमोर धरतात. जुन्या वह्या मोडी लिपीत आहेत. आमच्या शेजारच्या वाड्यातल्या गुरुजींनी मला एकदा बोलावून घेतलं. म्हणाले, “अगं, वह्या वह्यांच्या जागी राहू देत. कुठल्या गावाची, कुठल्या आडनावाची वही कुठली आणि पान कितवं, एवढं यंत्राने सांगितलं की पुरे. माझा मुलगा पुण्यात असतो, त्यालाही तिथून बघता आलं पाहिजे.” इतकी नेमकी मागणी मला पुढे फार थोड्या गिऱ्हाइकांनी सांगितली. दोन रकाने शोधाला, दोन उत्तराला.

अडचण होती अक्षरांची. तोवरचं मराठी संगणकावर चालत होतं ते फॉन्टच्या जोरावर. पुण्याच्या सी-डॅकचे योगेश, सुरेख वगैरे फॉन्ट, मॉड्युलरची श्रीलिपी, प्रत्येकाची मांडणी निराळी. रोमन अक्षरांच्या घरात देवनागरीचे तुकडे बसवलेले. फॉन्ट नसेल त्याला पानभर रोमन कचरा दिसे. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण ठरलं होतं, पण ब्राउझरना ते ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रांच्या साइटींनी फॉन्ट पानाबरोबरच पाठवण्याचा मार्ग काढला, त्यातही एक्स्प्लोररला एका जातीची फाइल आणि नेटस्केपला दुसऱ्या. वाचण्यापुरतं ते भागलं, शोधण्यापुरतं नाही. अशा फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, कारण ती आधी दिसते. मग गावं लावायला सांगितली की पिंपळगाव, निफाड, सिन्नर, दिंडोरी, शिर्डी सगळी एका ओळीत, पहिली वेलांटी म्हणून. नामावळीला हे चालणारं नव्हतं.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. आमच्या टेबलापर्यंत यायला तिला दहा वर्षं लागली. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला. विंडोज एक्सपीमध्येही देवनागरीची सोय होती, पण रिजनल सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत खूण करावी लागे आणि मग यंत्र विंडोजची सीडी मागे. सायबर कॅफेत ती सीडी कधीच हाताशी नसे, म्हणून पर्समध्ये घेऊन फिरायची. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये ‘मनोगत’ हे मराठी संकेतस्थळ आलं, आणि युनिकोडात मराठी चालतं हे लोकांना डोळ्यांनी दिसलं.

गुरुजींची सूची मी युनिकोडात केली. घरी ती नीट चालली. भाड्याच्या सर्व्हरवर चढवली आणि ‘पंचवटी’च्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यामागे चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं गोल चिन्ह, पुन्हा तोच ‘ए’, अशी रांग उमटली. पानाच्या माथ्यावर यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवण्याची पद्धत, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. फाइल तीच, ब्राउझर तोच.

अशा वेळी उपयोगी पडलं ते टेलनेट. सर्व्हरचं नाव आणि ८० हा दरवाजा देऊन जोडायचं. काळा पडदा येतो. ब्राउझर जे मागतो तेच आपण हाताने टाइप करायचं : पहिल्या ओळीत पानाची मागणी, दुसरीत साइटचं नाव, मग रिकामी ओळ. टाइप केलेलं विंडोजच्या टेलनेटमध्ये दिसतही नाही, त्यामुळे बोटांवर भरवसा ठेवून लिहायचं. दुसरा एंटर दाबला की पानाच्या आधी सर्व्हरचा मथळा, म्हणजे हेडर, येतो. त्या मथळ्यात लिहिलेलं होतं, हे पान आयएसओ-८८५९-१ मध्ये आहे, म्हणजे पश्चिम युरोपच्या लिपीत. अपाचेच्या त्या काळच्या तयार सेटिंगमध्ये ती ओळ असायची, आणि मथळा आणि पान यांचं म्हणणं जुळलं नाही तर ब्राउझर मथळ्याचं ऐकतो. ‘प’चे तीन बाइट असतात, षोडशमान (हेक्स) मोजणीत ई-शून्य, ए-चार, ए-ए. त्यांना एकेकटं वाचलं तर पहिल्या दोघांचा तो तिरप्या रेघेचा ‘ए’ आणि ते गोल चिन्ह होतं. कोडं सुटलं. पीएचपीच्या पहिल्याच ओळीत आपला मथळा पाठवायचा ठरवला, तर नवीच तक्रार : मथळे आधीच गेले आहेत. पण त्या ओळीच्या आधी तर काहीच नव्हतं! होतं. तेव्हाचं नोटपॅड यूटीएफ-८ फाइल साठवताना सुरुवातीला स्वतःचे तीन अदृश्य बाइट घालायचं. पीएचपी ते इमानाने पाठवून देतं आणि मथळ्याची वेळ टळते. हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडली तेव्हा ते दिसले. तेव्हापासून तीन बाइटांशिवाय साठवणारा एडिटर हा मराठी काम करणाऱ्यांचा पहिला नियम झाला.

मायएसक्यूएलची खोड निराळी. ४.० आवृत्तीपर्यंत रकान्याची लांबी बाइटांत मोजली जात होती. गावाच्या नावाला तीस जागा म्हणजे भरपूर, असं इंग्रजीच्या हिशेबाने वाटतं. ‘पंचवटी’ सहा चिन्हांची, म्हणजे अठरा बाइट. ‘पिंपळगाव बसवंत’ची तेरा चिन्हं आणि मधली मोकळी जागा धरून चाळीस. तीसवर कात्री बसली की ‘पिंपळगाव ब’ आणि शेवटी एक चौकोन. हेक्सने तो रकाना उलगडून पाहिला, तर शेवटी ई-शून्य, ए-चार आणि पुढे काही नाही. ‘स’चा तिसरा बाइट कापला गेला होता. रकाना तिप्पट करा, एवढाच उपाय. ऑक्टोबर २००४ मध्ये ४.१ आवृत्ती पक्की झाली, तिने अक्षरं मोजायला सुरुवात केली, तरी जोडणी करताना अक्षरांची पद्धत सांगणारी ‘सेट नेम्स’ची ओळ विसरलं की प्रश्नचिन्हांची रांग ठरलेली.

त्याच हिवाळ्यात फायरफॉक्स १.० आला आणि आमच्या धंद्याला दृष्टी आली. क्रिस पेडरिकची वेब डेव्हलपर पट्टी, ‘लाइव्ह एचटीटीपी हेडर्स’ : जो मथळा मी काळ्या पडद्यावर बोटांनी मागत होते तो बाजूला आपोआप दिसू लागला. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड निघालं. पहाटे दोन ते आठचा वापर न मोजणारी योजना आमच्यासारख्यांना वरदान ठरली. रामकुंडावर पहिलं स्नान सुरू व्हायच्या सुमाराला आमची डाउनलोडं संपत. दिवसा भारनियमन होतंच. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेटने ‘अजॅक्स’ हे नाव रूढ केलं. पान न बदलता मागून विचारणा करण्याची सोय एक्स्प्लोरर ५ मध्ये १९९९ पासूनच होती. पण मागून होणारी ही विचारणा ‘व्ह्यू सोर्स’मध्ये दिसत नाही. जानेवारी २००६ मध्ये जो ह्युइटने फायरबग बाहेर काढला आणि तीही दिसायला लागली : कुठली मागणी गेली, काय उत्तर आलं, किती वेळ लागला. पहिल्यांदा तो उघडून बसले तेव्हा गुरुजींच्या सूचीत नुसतं ‘निफ’ लिहिताच निफाडच्या वह्या खाली येत होत्या आणि प्रत्येक अक्षरामागची विचारणा माझ्यासमोर ओळीने उभी राहत होती.

तरी गुरुजी समाधानी नव्हते. “क्षीरसागर ‘क’मध्ये कसे गेले?” यंत्राच्या लेखी क्ष म्हणजे क आणि ष. आपल्या वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटी आणि ळ ‘ह’नंतर. युनिकोडच्या तक्त्यात ळ येतो ‘ल’च्या शेजारी. वह्या मात्र वर्णमालेप्रमाणे लावलेल्या. मग क्रमासाठी वेगळा गुप्त रकाना ठेवला, त्यात प्रत्येक वर्णाला आपल्या क्रमाचा आकडा. पुढचा प्रश्न कुऱ्हाडे यांचा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो, खालच्या टिंबाच्या ऱ ने किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधताना दोन वेगळी आडनावं. बाइट उलगडून बघितल्यावरच ते कळतं. २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने मराठीचा ॲ स्वतंत्र घरात बसवला. फार आनंद झाला, पण तोवर साठवलेले सगळे ‘अ’वर चंद्र ठेवलेले जुने ॲ तिथेच राहिले.

फायरबग २०१७ मध्ये बंद झाला. त्याचं काम आता बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ खाली आहे. गुरुजींची सूची आता त्यांचा मुलगा सांभाळतो, सर्व्हर दोनदा बदलला, पीएचपी पुष्कळ पुढे गेलं. शोधाच्या आधी दोन प्रकारचे ऱ आणि दोन प्रकारचे ॲ एक करणारं आणि क्षीरसागरांना शेवटी नेऊन बसवणारं वीसेक ओळींचं फंक्शन तेवढं तेव्हाचंच आहे. परवा एका नवीन मुलीने ते वाचून विचारलं, “ताई, हे काढलं तर?” मी तिला एफ-१२ दाबायला सांगितलं आणि ‘कुऱ्हाडे’ दोन्ही तऱ्हांनी टाइप करून बघ म्हटलं.