अँकी ॲप म्हणजे काय? अभ्यासासाठी कसं वापरायचं?

अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. २००६ मध्ये आलेल्या या ॲपचं नाव जपानी आहे, अर्थ 'पाठांतर'. उत्तर सहज आठवलं तर कार्ड काही दिवसांनी परत येतं, पुढच्या वेळी त्याहून उशिरा. नाही आठवलं, तर थोड्याच मिनिटांत पुन्हा समोर! उजळणी नसेल तर आपण भराभर विसरतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहॉस यांनी १८८५ मध्येच मांडलं होतं.

मी मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलो. एनपीटीईएलचे व्हिडिओ बघताना सगळं कळायचं, पण तोंडी परीक्षेत इंग्रजी शब्द आठवायचेच नाहीत. मग कार्डं बनवली. पुढे 'डेडलॉक', मागे माझ्या भाषेत: दोन प्रोसेस एकमेकींनी अडवलेल्या रिसोर्सची वाट बघत अडकून बसतात. तयार डेकही मिळतात, पण स्वतः लिहिलेलंच डोक्यात राहतं, असं माझं मत.

अँड्रॉइडवर 'अँकीड्रॉइड' फुकट आहे (दिसायला जरा जुनाट), नेटशिवायही चालतं. आयफोनचं अधिकृत ॲप मात्र विकत घ्यावं लागतं. सेटिंगमध्ये रोजच्या नवीन कार्डांची मर्यादा २० असते, ती आधी १० करा. दोन दिवस सुट्टी घेतली तरी उजळणीचा ढीग साचतो.