टाँग्या पद्धती

तोडलेल्या जंगलाच्या जागी इमारती लाकडाची नवी लागवड करताना रोपांच्या ओळींमधून काही वर्षे शेतीची पिके घेऊ द्यावयाची आणि पिकांच्या निंदणीबरोबरच रोपांचीही निंदणी करून घ्यावयाची, या वनरोपणाच्या रीतीस टाँग्या पद्धती म्हणतात. ‘टाँग’ म्हणजे डोंगर व ‘या’ म्हणजे शेत या ब्रह्मी शब्दांवरून हे नाव आले असून मुळात ते डोंगरउतारावरील फिरत्या शेतीचे नाव होते.

या पद्धतीचे मर्म तणाच्या प्रश्नात आहे. साग हा प्रकाशप्रिय वृक्ष असून कोवळ्या रोपास छाया सोसत नाही. गवताच्या दाट मुळांशी ओलावा व अन्नद्रव्ये यांसाठी चाललेली स्पर्धा तर त्याला अधिकच बाधते. तोडणीनंतर जमिनीवर एकदम ऊन पडते व पावसाळा सुरू होताच गवत, वेली आणि झुडपे रोपाच्या डोक्यावर जातात. वेली कोवळे खोड वाकवितात. उन्हाळ्यात तेच गवत वाळून वणव्याचे इंधन बनते. काही वर्षांनी शेंडे एकमेकांस भिडून छत्र मिटले, की तण आपोआप मागे हटते. म्हणजे प्रश्न पहिल्या दोनतीन पावसाळ्यांचाच असतो. परंतु निंदणीचे हे दिवस आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या निंदणीचे दिवस एकच असल्याने नेमके तेव्हाच मजूर मिळत नाहीत.

मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कॉनोली यांनी १८४० च्या दशकात निलांबूर येथे सागाची लागवड आरंभिली. बी रुजविण्याचे पहिले प्रयत्न फसले. पुढे चातू मेनन यांच्या देखरेखीखाली हे काम यशस्वी झाले. तेथील १८४६ च्या लागवडीचा काही भाग अजून जतन केलेला आहे. ही लागवड मजुरी देऊन केलेली होती. ब्रह्मदेशातील विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात मात्र हा मार्ग परवडणारा नव्हता.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रांडिस १८५६ साली पेगूच्या वनांचे अधीक्षक झाले. पेगू योमा डोंगरांतील करेन लोक जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्यात भात व कापूस पिकवीत आणि नंतर ती जमीन बरीच वर्षे पडीक ठेवीत. या जाळण्यात सागही जात असल्याने वनाधिकारी त्यांना सागाचे शत्रू मानीत. ब्रांडिस यांनी या शत्रुत्वातूनच उपाय काढला. करेनांनी आपल्या शेतातच साग लावावा, पिकाबरोबर त्याची निगा राखावी आणि जगलेल्या रोपांच्या संख्येप्रमाणे मोबदला घ्यावा, अशी योजना पुढे आली. तोडणी, जाळणी व निंदणी ही तिन्ही कामे शेतकरी स्वतःच्या भातासाठी करीतच होता. सरकारला केवळ रोपांचे पैसे द्यावे लागत. प्रारंभी करेनांनी प्रतिसाद दिला नाही. राखीव वनांच्या सीमा आवळत गेल्या, तसे ते या कामाकडे वळले. राखीव वनांतही काही क्षेत्रे त्यांच्या फिरत्या शेतीसाठी वेगळी ठेवावी लागली, यावरून त्यांची सौदा करण्याची शक्ती अगदीच थोडी नव्हती असे दिसते.

जावा बेटात १८७३ पासून हीच रीत ‘तुंपांगसारी’ या नावाने रूढ झाली. भारतात ती प्रथम चितगाँग व बंगाल येथे आणि १९२० च्या दशकात गोरखपूरच्या सालवनांत पोहोचली. परंतु वाटेत तिचे रूप पालटले. ब्रह्मदेशात शेतकरी आधी होता व वनखाते मागून आले. बंगाल व गोरखपूरकडे वनखात्याने भूमिहीन कुटुंबे आणून जंगलात वसविली. उत्तर बंगालच्या वनग्रामांत जमिनीच्या बदल्यात विनामोबदला काम करावे लागे. ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर झालेल्या आंदोलनांनी संपले. वनशास्त्राच्या ग्रंथांत ही पद्धती स्वस्त म्हणून गौरविली जाते. हे विशेषण सरकारी हिशेबापुरतेच खरे आहे. छत्र मिटले की पीक येत नाही, आणि ज्याने तण काढले त्याला दुसऱ्या तुकड्यावर जावे लागते. केरळात सागाच्या ओळींत टॅपिओका घेतल्याने उतारावरील माती खणली जाऊन धूप वाढली, हाही दोष पुढे आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत निंदणीची जागा तणनाशकांनी घेतली. अमेरिकेत सूचिपर्णी लागवडीवर फवारल्या जाणाऱ्या २,४,५-टी या रसायनाचा वनांतील वापर १९७९ साली तातडीने स्थगित झाला व १९८५ पर्यंत ते पूर्णपणे बंद झाले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने २००१ पासून सरकारी वनांत तणनाशके वापरणे सोडले. भारतात घाणेरी व रानमोडी या परदेशी झुडपांनी लागवडीतील तणाचा भार वाढविला. तरी मजुरी कमी असल्याने येथे भर विळा-कुदळीवरच राहिला. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाच्या सागलागवडीतही पहिल्या वर्षांच्या निंदण्या मुख्यतः रोजंदारीच्या हातांनीच होत आल्या आहेत.

१९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर टाँग्या लागवड बहुतेक ठिकाणी थांबली. गोरखपूर व महाराजगंज जिल्ह्यांतील ‘वनटांगिया’ वस्त्या जंगलातच राहिल्या. त्यांची गावे महसुली दप्तरात नसल्याने शाळा, रस्ता व पंचायत यांपासून ती दूर होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा वस्त्यांचे महसुली गावांत रूपांतर करण्याची तरतूद केली आणि गोरखपूर-महाराजगंजमधील वस्त्यांना २०१७ पासून तो दर्जा मिळू लागला.