औद्योगिक नगराच्या सीमेवरील जीवन : मोशी परिसरातील आरोग्यचिंता आणि विरंगुळा

प्रस्तावना

नगरांचा इतिहास बहुधा कारखाने, रस्ते, लोकसंख्या आणि सत्तांतरे यांच्या आधारे लिहिला जातो. नगरात राहणारा माणूस कोणते पाणी पितो, कोणत्या हवेत श्वास घेतो, आजारी पडल्यावर कोठे जातो आणि सुटीच्या दिवशी कशात रमतो, हे प्रश्न मात्र इतिहासलेखनात दुय्यम मानले जातात. वस्तुतः नागरीकरणाचे खरे मूल्यमापन याच प्रश्नांच्या उत्तरांतून होते. पुणे-नाशिक महामार्गावर, भोसरी आणि चाकण यांच्या दरम्यान इंद्रायणीच्या काठी वसलेले मोशी हे गाव या दृष्टीने अभ्यासनीय आहे. शेतीवर जगणारे हे गाव पाहता पाहता गृहसंकुलांचे उपनगर झाले. या स्थित्यंतरात सामान्य रहिवाशाच्या आरोग्याचे व आनंदाचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या परिसरात सार्वजनिक आरोग्य आणि शासन यांच्या संबंधाचा इतिहास एका संघर्षातून पुढे येतो. 1896-97 मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली. साथ आवरण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांनी घरझडत्यांचे कठोर सत्र आरंभिले. रोगाइतकीच दहशत उपाययोजनेची निर्माण झाली. याच जुलमाच्या प्रतिक्रियेतून मूळच्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी 22 जून 1897 रोजी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी 10 मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. आरोग्याचा प्रश्न केवळ औषधाचा नसून विश्वासाचा आणि सेवाभावाचाही असतो, हे या दोन घटना दाखवून देतात.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि 1955 पासून तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. ज्या भूमीने प्लेगचे दिवस पाहिले होते, त्याच भूमीवर देशासाठी प्रतिजैविके तयार होऊ लागली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी, चिंचवड व भोसरी परिसरात औद्योगिक वसाहत विस्तारली. आकुर्डीत बजाज ऑटो आणि पिंपरी-चिखली भागात टेल्को यांसारख्या उद्योगांनी मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच परप्रांतांतील हजारो कुटुंबांना येथे ओढून आणले.

4 मार्च 1970 रोजी नगरपालिका अस्तित्वात आली. तिच्या उभारणीत अण्णासाहेब मगर यांचा वाटा मोठा होता. 1972 मध्ये नियोजनबद्ध वसाहतीसाठी नवनगर विकास प्राधिकरण आणि 1982 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. 1997 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आणखी गावे समाविष्ट करण्यात आली. त्यांत मोशी, चऱ्होली, दिघी, चिखली, तळवडे, डुडुळगाव या गावांचा अंतर्भाव होता. शहराची लोकसंख्या 1991 मध्ये सुमारे 5.17 लाख होती. ती 2011 मध्ये 17.27 लाखांवर गेली. या वाढीचा मोठा भार समाविष्ट गावांनी उचलला.

कचरा आणि हवा

मोशीच्या इतिहासातील एक कालक्रम विशेष लक्षणीय आहे. शहराचा कचरा मोशी येथील सुमारे 81 एकरांच्या डेपोत 1991 पासून टाकला जाऊ लागला. गाव महापालिकेत आले ते 1997 मध्ये. म्हणजे नगराचे नागरिकत्व मिळण्यापूर्वी सहा वर्षे नगराचा केरकचरा गावाला मिळाला. ज्या संस्थेच्या निवडणुकीत गावाला मत नव्हते, तिच्या घनकचऱ्याचा भार मात्र गावाने वाहिला.

ओला आणि सुका कचरा एकत्र साचला की हवेअभावी तो कुजतो व त्यातून मिथेन वायू निर्माण होतो. उन्हाळ्यात हा वायू पेट घेतो, तर पावसाळ्यात ढिगाऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी जमिनीत मुरते. एप्रिल 2022 मध्ये या डेपोला मोठी आग लागली. दुर्गंधी, धूर, माश्या यांमुळे खिडक्या बंद ठेवणे हा आसपासच्या रहिवाशांच्या दिनक्रमाचा भाग झाला. 1 ऑगस्ट 2023 रोजी येथील कचऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या प्रकल्पाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. दररोज सुमारे 700 टन कचऱ्यावर प्रक्रिया आणि 14 मेगावॉट वीजनिर्मिती अशी त्याची क्षमता आहे. ही प्रगती महत्त्वाची आहे. तथापि ओला कचरा घरातच वेगळा झाला नाही, तर ज्वलनाची कार्यक्षमता घटते. प्रकल्पाचे यश त्यामुळे स्वयंपाकघरातील दोन बादल्यांवरही अवलंबून राहते.

पाणी, साठवण आणि साथी

महापालिकेने नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. पवना धरणाचे पाणी वाढत्या वस्तीस अपुरे पडत असल्याने आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून पाणी आणण्याच्या योजना हाती घेण्यात आल्या. दिवसाआड पाण्याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता राहत नाही. पाणी कमी म्हणून साठवण वाढते; पिंप, हंडे, गच्चीवरील टाक्या भरून ठेवल्या जातात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत, असे आरोग्य विभाग सांगतो; पण पाणी उद्या येणार नसेल, तर आजचे पाणी ओतून देण्यास गृहिणीचा हात धजत नाही. येथे निष्काळजीपणाला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. टंचाईच आजाराला आमंत्रण देते. जानेवारी 2025 मध्ये पुणे परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेची शंका घराघरांत पुन्हा जागी झाली.

कामगाराचे आरोग्य

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्या मोशीकराची चिंता वेगळी असते. रात्रपाळीनंतर दिवसा झोप, अवेळी जेवण, महामार्गावरील कोंडीत जाणारे तास यांतून रक्तदाब आणि मधुमेह बळावतात. 1948 च्या कायद्यान्वये उभी राहिलेली राज्य कामगार विमा योजना हा त्याचा आधार होता. परंतु 2017 पासून लागू झालेल्या 21,000 रुपयांच्या वेतनमर्यादेपलीकडे पगार गेला की हा आधार सुटतो. दुसरीकडे कंत्राटी कामगाराला ठेकेदाराने नोंद केली, तरच तो मिळतो. अशा वेळी पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय हेच अनेकांचे आश्रयस्थान ठरते. कोविडकाळात, 2020 मध्ये, नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर तात्पुरते भव्य रुग्णालय उभारावे लागले. नगराच्या शिल्पकाराचे नाव धारण करणाऱ्या मैदानात खाटा मांडाव्या लागल्या. शहराच्या कायमस्वरूपी आरोग्यव्यवस्थेच्या मर्यादा त्यातून स्पष्ट झाल्या.

विरंगुळ्याची साधने

या चिंतांच्या जोडीने छोट्या आनंदांचाही इतिहास आहे आणि तो बहुतांशी गावाने नगराला दिलेला आहे. मोशी हे देहू आणि आळंदी या दोन तीर्थांना जोडणाऱ्या वाटेवर आहे. कार्तिकी एकादशीला दिंड्यांसाठी चहा-फराळाची सोय करणे, हरिनाम सप्ताहात पंगतीला बसणे, ग्रामदैवत नागेश्वर महाराजांच्या उत्सवात सहभागी होणे, यांतून लातूर वा जळगावहून आलेला भाडेकरूही गावाचा होतो. बैलगाडा शर्यत हा खेड तालुक्याचा आणि भोसरी-मोशी पट्ट्याचा जुना छंद. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निर्णयाने ती थांबली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने संबंधित राज्यांचे कायदे वैध ठरवले. ज्यांची जमीन विकली गेली, अशा कुटुंबांतही शर्यतीचा बैल जोपासला जातो. तो गतकाळाशी असलेला धागा आहे.

नव्या रहिवाशांचे आनंद साधे आहेत. पहाटे स्पाइन रस्त्यावर फेरफटका, रविवारी सकाळी मिसळ, भोसरीच्या अंकुशराव लांडगे नाट्यगृहातील एखादा प्रयोग, मावळातून आणलेल्या इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात. मात्र आनंद आणि आरोग्य यांची येथेही गाठ पडते. तांदळाला जिचे नाव मिळाले, त्या नदीच्या पात्रावर अलीकडच्या वर्षांत आळंदीजवळ रासायनिक फेस तरंगताना दिसला. तुकोबांच्या गाथा तारणारी म्हणून जिची ख्याती, तिच्यात स्नान करावे की नाही, असा प्रश्न वारकऱ्याला पडावा, ही सांस्कृतिक हानीही आहे.

समारोप

मोशीचे उदाहरण सीमावर्ती वस्त्यांच्या इतिहासाकडे पाहण्याची एक दृष्टी देते. नागरीकरणामुळे येथे रोजगार आला, जमिनीला मूल्य आले, रस्ते झाले, हे नाकारता येत नाही. तरीही कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने आल्या, हे तपासणे आवश्यक आहे. कचरा 1991 मध्ये आला, मताधिकार 1997 मध्ये. घरे झपाट्याने उभी राहिली, पाणी मात्र दिवसाआड झाले. डेपोवर प्रक्रियेचा मोठा प्रकल्प उभा राहण्यास तीन दशके लागली. केंद्राच्या सोयीचा भार परिघाने आधी उचलायचा आणि परिघाच्या सोयीची वाट त्याने नंतर पाहायची, असा हा क्रम आहे. प्लेगच्या काळात शासन घरात शिरले म्हणून लोक संतापले. मोशीकराची तक्रार नेमकी उलट आहे. शासन उंबरठ्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, हे त्याचे दुःख आहे. चाकणच्या दिशेने पुढील गावे नागरीकरणाच्या वाटेवर असताना हा क्रम उलटा करणे, म्हणजे आधी पाणी, सांडपाण्याची व्यवस्था व दवाखाना आणि मग वसाहत, हाच मोशीच्या अनुभवाचा बोध होय.